मणक्यांची झीज : निदान आणि उपचार

पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याची कंबर दुखू लागते. तो तालुक्याला जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतो. अहवालात 'मणक्यांची झीज' असे शब्द असतात. त्या दिवसापासून तो कुदळ, कोयता आणि सायकल यांना हात लावीनासा होतो. 'मणक्यात गॅप आला', 'गादी सरकली', 'नस दबली' अशी कारणे सांगत काही जण वर्षानुवर्षे पट्टा बांधून बसून राहतात, तर काही जण कर्ज काढून घाईने शस्त्रक्रियेची वाट धरतात. याच्या उलटही घडते. पायातील शक्ती झपाट्याने कमी होत असताना 'उसण भरली असेल' असे समजून मौल्यवान वेळ दवडला जातो. पहिल्या प्रकारात धडधाकट माणूस विनाकारण अपंगासारखा जगू लागतो आणि दुसऱ्यात वाचविता येण्याजोगा पाय गमावला जातो. हे दोन्ही टाळावयाचे असेल तर झीज म्हणजे काय आणि आजार म्हणजे काय, यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे.

कण्याची रचना

मनुष्याच्या कण्यात जन्मतः ३३ मणके असतात : मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडात ४. यांपैकी वरचे २४ मणके आयुष्यभर सुटे व हलते राहतात. लगतच्या दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. तिलाच लोक 'गादी' म्हणतात. चकतीची बाहेरची कड एकावर एक तिरप्या विणलेल्या चिवट तंतूंची असते, तर आतील गाभा मऊ व पाणीदार असतो. तरुणपणी या गाभ्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. दिवसभराच्या भाराने यातील काही पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषले जाते. म्हणूनच आपली उंची सकाळी थोडी अधिक भरते. शिक्षकांना हा प्रयोग भिंतीवर खूण करून विद्यार्थ्यांना सहज दाखविता येईल.

मणक्यांच्या मागील बाजूने एक पोकळ नलिका जाते व तिच्यात मज्जारज्जू सुरक्षित असतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी मज्जारज्जू संपतो. त्याखाली पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा असतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसत असल्याने त्यास 'अश्वपुच्छ' असे नाव मिळाले आहे.

झीज कशी होते?

प्रौढ वयात चकतीच्या अंतर्भागास रक्तवाहिन्या नसतात. लगतच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते आणि हालचालींमुळे कमी-अधिक होणारा दाब या कामास साहाय्यभूत होतो. वयोमानानुसार गाभ्यातील पाणी घटते, चकती बसते, मागील लहान सांध्यांवर भार वाढतो आणि मणक्यांच्या कडांवर हाडाचे कंगोरे वाढतात. लोक 'गॅप आला' म्हणतात. वस्तुतः दोन मणक्यांतील अंतर वाढत नाही, ते कमी होते.

ही झीज केवळ कष्टाने होते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि फिनलंडमधील जुळ्या भावांच्या अभ्यासातून १९९५ मध्ये असे दिसून आले की, झिजेच्या प्रमाणावर व्यवसायातील भारापेक्षा आनुवंशिकतेचा प्रभाव अधिक असतो. धूम्रपानाचाही तिच्याशी संबंध आढळला आहे. वयाबरोबर केस पिकावेत तशीच काही अंशी ही झीज होते.

चित्र आणि वेदना

बॉस्टनमधील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये चकतीचा सरकलेला भाग मज्जातंतूंच्या मुळावर दाबल्याने पायात कळा जातात, हे दाखवून दिले. पुढे १९७० नंतरच्या दशकांत संगणकीय क्ष-किरण आणि चुंबकीय प्रतिमा, म्हणजेच सी.टी. व एम.आर.आय., उपलब्ध झाल्या आणि कण्याचा कानाकोपरा दिसू लागला. मात्र त्यातून एक नवी अडचण उभी राहिली.

अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी मुळीच नसलेल्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. चित्र घेण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत किमान एक चकती फुगलेली आढळली. सुमारे ३,१०० वेदनारहित व्यक्तींच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार चकतीची झीज विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींत होती. यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चित्रात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. रुग्णाची तक्रार, शारीरिक तपासणी आणि चित्र ही तिन्ही एकाच मणक्याकडे व एकाच बाजूकडे बोट दाखवीत असतील, तरच निदान पक्के मानता येते.

निदानाची पद्धत

अनुभवी वैद्य प्रथम रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतो. दुखणे कमरेपुरतेच आहे, की कुल्ल्यातून मांडीमागून पोटरी व पावलापर्यंत उतरते? खोकताना वा शिंकताना पायात कळ जाते काय? पायात कळ उतरत असेल तर मज्जातंतूवर दाब असण्याचा संभव असतो. यालाच सायटिका किंवा गृध्रसी म्हणतात.

यानंतर रुग्णास उताणे निजवून गुडघा न वाकविता पाय हळूहळू वर उचलला जातो. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पोटरीपर्यंत कळ गेल्यास ती खूण महत्त्वाची ठरते. पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी झाली असेल तर कमरेच्या पाचव्या मज्जातंतूकडे संशय जातो. चवड्यावर उभे राहता येत नसेल आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली असेल, तर त्रिकाच्या पहिल्या मज्जातंतूकडे लक्ष जाते. या तपासणीस काही मिनिटे पुरतात आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

वृद्धांमध्ये नलिका अरुंद होण्याचा प्रकार आढळतो. असा रुग्ण काही अंतर चालला की त्याचे पाय जड होतात व भरून येतात. खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते. त्यामुळे त्यास चालणे कठीण जाते, पण सायकल चालविता येते. मानेतील झिजेमुळे मज्जारज्जूवर दाब आल्यास हाताची बोटे बोजड होतात, सदऱ्याची गुंडी लावणे जमत नाही आणि चालताना तोल जातो. या लक्षणांना केवळ म्हातारपण समजू नये.

झीज नसलेले आजार

प्रत्येक पाठदुखी झिजेची नसते, हे आपल्या देशात विशेषेकरून ध्यानात ठेवले पाहिजे. सायंकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारी वेदना किंवा पाठीवर आलेला उंचवटा ही मणक्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात. या क्षयावर सरकारी आरोग्य संस्थांत औषधे विनामूल्य मिळतात आणि वेळीच सुरू झाल्यास बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीस नव्याने पाठदुखी सुरू झाल्यास, तसेच वृद्ध स्त्रीस किरकोळ पडण्यानंतर तीव्र वेदना झाल्यास त्वरित तपासणी करावी. अशा रुग्णाची पाठ तुडविणे किंवा झटका देऊन 'हाड बसविणे' अत्यंत घातक ठरू शकते.

उपचार

पूर्वी कंबरदुखीच्या रुग्णास आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दोन दिवस विश्रांती घेतलेले आणि सात दिवस विश्रांती घेतलेले रुग्ण सारखेच बरे झाले. मात्र दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले. १९९५ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात तर झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण सर्वांत लवकर सुधारल्याचे आढळले. त्यामुळे आज वैद्यकशास्त्र विश्रांतीपेक्षा हालचालीस अधिक महत्त्व देते. वेदना तीव्र असताना एक-दोन दिवस आराम करावा. नंतर थोडे थोडे चालणे सुरू करावे. पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत आणि दुखणे थांबल्यावरही ते चालू ठेवावेत. पट्टा काही दिवसांपुरता वापरावा. तो बारमाही बांधणे हिताचे नाही.

वेदनाशामक औषधे वैद्यांच्या सल्ल्याने, अल्प मुदतीसाठी घ्यावीत. दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना इजा पोहोचू शकते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्या कटाक्षाने टाळाव्यात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतही रुग्णशिक्षण व व्यायाम यांचा पुरस्कार करण्यात आला असून कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढ देण्याचे उपचार नित्य वापरू नयेत, असे म्हटले आहे.

सरकलेल्या चकतीचा बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा आपोआप शोषून घेते. बहुतेकांच्या पायातील कळा सहा ते बारा आठवड्यांत बऱ्याच ओसरतात. नेदरलँड्समध्ये २००७ साली २८३ सायटिका रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. शस्त्रक्रियेवाचून उपचार सुरू केलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांनी मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया निरुपयोगी नाही आणि तिची घाईही सर्वांना नाही, असा याचा अर्थ होतो. सहा ते आठ आठवड्यांच्या योग्य उपचारांनंतरही पायातील असह्य कळ कायम असेल, किंवा स्नायूंची शक्ती कमी होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करणे रास्त होय. केवळ कंबर दुखते आणि चित्रात झीज दिसते, एवढ्यावरून ती करू नये. शक्य असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार समाविष्ट आहेत याची माहिती अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून मिळू शकते.

वेळ दवडू नये अशी लक्षणे

पुढील लक्षणे दिसताच रुग्णास ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवावे : लघवी तुंबणे अथवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघा व गुदद्वाराभोवतीचा, म्हणजे खोगिरावर टेकणारा, भाग बधिर होणे, दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा येणे, पाऊल अचानक लुळे पडणे. यांपैकी पहिली लक्षणे अश्वपुच्छावर तीव्र दाब आल्याची सूचक असतात. येथे शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो पहिल्या ४८ तासांच्या आत, होईल तितकी लघवीवरील व पायांवरील ताबा परत येण्याची शक्यता अधिक असते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची मदत घ्यावी. लाजेखातर लघवीची तक्रार, विशेषतः स्त्रिया, सांगत नाहीत. म्हणून आशा कार्यकर्तींनी व शिक्षिकांनी ती मुद्दाम विचारावी.

गावाने काय करावे?

ओझे उचलण्याच्या पद्धतीचा चकतीवर मोठा परिणाम होतो. जर्मनीत १९९९ मध्ये एका निरोगी व्यक्तीच्या चकतीत दाबमापक बसवून मोजमाप करण्यात आले. २० किलो वजन कंबर वाकवून उचलताना जो दाब आला, तो सरळ उभे असतानाच्या दाबाच्या चौपटीहून अधिक होता. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तेव्हा दाब लक्षणीय कमी भरला. आपल्याकडे सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढणाऱ्या मजुरांचे ओझेही थोडेथोडके नसते. झीज बव्हंशी आनुवंशिक असली, तरी दुखणे उद्भवविणारा भार कमी करणे आपल्या हाती आहे.

रोजगार हमीच्या कामावर मातीची घमेली अर्धी भरावीत आणि हातोहात पुढे द्यावीत. पोती दोघांनी उचलावीत, बाजार समितीत व गोदामात हातगाड्या असाव्यात, लांब दांड्याची अवजारे वापरावीत. या गोष्टींस फारसा खर्च येत नाही. दुखण्यातून उठलेल्या मजुरास काही दिवस हलके काम मिळाल्यास तो लवकर सावरतो. कामावरून दूर केल्यास मात्र त्याचे दुखणे व दारिद्र्य ही दोन्ही वाढतात.

अहवालातील 'झीज' हा शब्द वाचून खचून गेलेल्या माणसास 'तुम्ही चालू शकता, काम करू शकता' असे अधिकारवाणीने सांगणारे कोणीतरी गावात असावे लागते. आणि पाय लुळा पडू लागलेल्या माणसास त्याच रात्री वाहनात बसवून देणारेही कोणीतरी असावे लागते. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी ही दोन्ही कामे करू शकतात. त्यासाठी वैद्यकीय पदवीची गरज नाही. कोणास धीर द्यावयाचा आणि कोणाच्या बाबतीत घाई करावयाची, एवढे ओळखता आले म्हणजे पुरे.