जेसीबी जागची हलेना : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी काय पाहावे?

मृग लागण्यापूर्वीचे दोन महिने म्हणजे वऱ्हाडातील मातीकामाचा खरा हंगाम. शेततळे, बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण ही सारी कामे एप्रिल-मेमध्येच उरकावी लागतात. एकदा पाऊस पडला की आपल्या काळ्या मातीत मशीन रुतते. अशा ऐन हंगामात, भर उन्हात जेसीबी शेतात उभी राहते. इंजिन सुरू आहे, आवाजही नेहमीचाच आहे. पण लिव्हर पुढे टाका की मागे, मशीन तसूभर हलत नाही. मालकाच्या डोक्यात बँकेचा हप्ता, शेतकऱ्याच्या डोक्यात पाऊस आणि बोल लागतो तो ऑपरेटरला, "गिअरबॉक्स तूच खाल्ला!"

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण आज या मशीनवर पोट भरतात. आम्ही पेशाने कारकून. परंतु अर्ज लिहून घेण्यासाठी अशी मुले आमच्याकडे येतात. एकाचा दोन महिन्यांचा पगार याच कारणासाठी अडकला होता. गिअरबॉक्स उतरवून झाला, मिस्त्रीची मजुरी देऊन झाली आणि शेवटी दोष निघाला तो वितळलेल्या फ्यूजचा! म्हणून हा विषय आम्ही जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतला. तो ऑपरेटरने आणि नवीन मशीन घेणाऱ्या आपल्या छोट्या मालकांनीही समजून घ्यावा.

दोन्हीकडे सामाईक काय?

जेसीबी हे खरे तर कंपनीचे नाव. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये ती सुरू केली. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत ती हरियाणातील बल्लभगड येथे आली आणि पुढे बॅकहो लोडर जातीच्या प्रत्येक मशीनला लोक जेसीबीच म्हणू लागले.

या मशीनला मोटारीसारखा पायाचा क्लच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो तेलाच्या जोरावर ताकद पुढे देतो. आपल्याकडील बहुतेक मशीनमध्ये स्टिअरिंगजवळची लिव्हर पुढे टाकली की विजेची एक कॉइल तेलाची वाट उघडते आणि ते दाबाचे तेल पुढच्या क्लच प्लेटा आवळते. मागे जाण्यासाठी दुसरी कॉइल, दुसऱ्या प्लेटा. म्हणजे पुढचे-मागचे क्लच दोन. पण तेल एक, जाळी एक, पंप एक, कन्व्हर्टर एक आणि वीज येण्याची वाटही एकच.

यातच रोगाचे निदान आहे. मशीन फक्त पुढे किंवा फक्त मागे जात नसेल, तर दोष त्या बाजूच्या कॉइलमध्ये किंवा प्लेटांमध्ये शोधावा. दोन्ही बाजू एकाच वेळी बंद पडल्या, तर दोन्ही क्लच एकाच क्षणी मेले असे सहसा घडत नाही. सामाईक गोष्टच तपासावी आणि तीही बाहेरून आत या क्रमाने.

तपासणीचा क्रम

प्रथम जीव सांभाळा. बकेट जमिनीवर टेकवा, चाकांखाली मोठे दगड लावा. इंजिन सुरू असताना कोणीही मशीनखाली शिरू नये.

पहिले, हँडब्रेक. अनेक मॉडेलांत हँडब्रेक ओढलेला असला की पुढची-मागची वीज आपोआप तुटते. ब्रेक सोडला तरी त्याचे बटण अडकले असेल, तर मशीन ब्रेक ओढलेलाच आहे असे समजते. गिअरच्या दांड्यावरचे, ड्राइव्ह तोडणारे बटणही धुळीने दबून राहते. दांडा खरोखर गिअरमध्ये पडला आहे का, हेही पाहावे.

दुसरे, वीज. फ्यूज पाहा. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा, हँडब्रेक सोडा आणि लिव्हर पुढे-मागे टाका. गिअरबॉक्सवरील कॉइलचा 'टक' असा आवाज दोन्हीकडे आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज, रिले, लिव्हरचा स्विच आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तपासा. टेस्ट लॅम्प पुरेसा आहे.

तिसरे, तेल. मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या रीतीने पट्टी पाहा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि दाब बनत नाही. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे; कूलर फुटला असण्याचा संभव असतो. तेल काळे, जळक्या वासाचे असेल तर प्लेटा घासल्या आहेत. सकाळी चालते आणि दुपारी तापल्यावर थांबते, असे असेल तर पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून किंवा सीलमधून निसटत असावे. तळाची जाळी, फिल्टर आणि धुळीने बुजलेला कूलर आधी साफ करावा.

चौथे, शाफ्ट. लांब उभे राहून पाहा. शाफ्ट फिरतो आणि चाक फिरत नाही, तर दोष एक्सलमध्ये आहे, गिअरबॉक्समध्ये नव्हे. ज्या मशीनमध्ये बकेटचा पंप गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला असतो, तिथे बकेटही उचलेनाशी झाली तर इंजिन व कन्व्हर्टर जोडणारी प्लेट तुटल्याचा संशय घ्यावा.

पाचवे, दाब. एवढे करूनही हलत नसेल, तर मिस्त्रीला गिअरबॉक्सच्या तपासणीच्या छिद्रावर गेज लावायला सांगा आणि आकडा पुस्तकाशी ताडून पाहा. गेज लावल्याशिवाय गिअरबॉक्स उघडू देऊ नका. उघडणे भागच पडले तर शेतातील धुळीत नव्हे, बंद शेडमध्ये उघडा.

आणखी एक सूचना. बंद मशीन दोराने लांब ओढत नेऊ नका. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा पंपही बंद असतो, आतले बेअरिंग कोरडे फिरतात आणि नसलेला दोष निर्माण होतो. ओढणे अटळ असेल तर आधी शाफ्ट सोडवून घ्या.

वही ठेवा

ऑपरेटरने खिशात एक लहान वही बाळगावी. तेल कधी टाकले, किती तासांनी फिल्टर बदलला, मशीन थांबली तेव्हा गरम होती की थंड, कोणती कॉइल वाजली, गेजने काय दाखवले, हे तारीखवार लिहावे व त्यावर मालकाची सही घ्यावी. मिस्त्रीचे काम सोपे होते, मालकाचा खर्च वाचतो आणि उद्या पगार कापण्याची भाषा झाली तर तोंडी शपथेपेक्षा हा कागद जास्त बोलतो. आमच्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्या मुलांजवळ नेमका हाच कागद नसतो.

ज्याच्या हातात लिव्हर आहे, त्याच्या हातात लेखणीही असली पाहिजे. आपल्या घरातील मुलगा मशीनवर जात असेल, तर त्याला आजच ही वही आणून द्या.