चाकण पट्ट्यातले नामबंधू

निगडीतल्या एका फोटो स्टुडिओत मी दोन फोटो मोठे करायला दिले होते. पाकिटावर लिहिलं होतं, ‘हॅरिअर, दोन्ही बारा बाय अठरा’. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलानं एकच फोटो पुढे केला, टाटांच्या गाडीचा. दुसरा त्यानं चुकून आलेला समजून बाजूला काढला होता. “काका, त्याच्यात तर घार आहे,” तो म्हणाला. ती घार नव्हती, तो भोवत्या होता आणि इंग्रजीत त्यालाच हॅरिअर म्हणतात, हे सांगण्यात माझी दहा मिनिटं गेली. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली ती वेगळीच.

हा उद्योग मी निवृत्तीनंतर सुरू केला. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये सत्तावीस वर्षं मी क्वालिटीत होतो. दारं, फेंडर, बॉनेट असा सगळा पत्रा हातातून गेला, पण आमच्याकडे त्याला पार्ट नंबर असायचा. नाव पुढे कुठंतरी लागायचं. कॅमेरा घेतल्यावर मला त्या नावांचाच नाद लागला. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बनणाऱ्या किंवा धावणाऱ्या ज्या गाड्यांना प्राण्यापक्ष्यांची नावं आहेत, त्या गाडीचा फोटो काढायचा आणि त्या प्राण्याचाही. नियम दोनच. प्राणी पिंजऱ्यातला नको, आणि नाशिक फाट्यावरून मोटरसायकलनं निघून त्याच दिवशी परत येता आलं पाहिजे.

सुरुवात हॅरिअरपासून केली, कारण ती सोपी वाटली होती. गाडी पिंपरीतच तयार होते, जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आली, रस्त्यावर दर दहा मिनिटांनी दिसते. पक्षीही हिवाळ्यात आपल्याकडेच असतो. रशिया आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण आटोपून भोवत्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात दख्खनच्या माळांवर उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आपल्या माळावर प्रामुख्यानं दोन जाती दिसतात, पांढुरका भोवत्या आणि मोंटेग्यूचा भोवत्या. दोघांचेही नर राखाडी. मोंटेग्यूच्या नराच्या पंखावर काळी आडवी पट्टी असते, पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला नुसती काळी पाचर. माद्या आणि पिल्लं मात्र दोन्ही जातींची तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरी. त्यांच्यापुढे भलेभले पक्षीनिरीक्षक हात टेकतात. माझ्या संग्रहातल्या निम्म्या माद्यांखाली मी अजून नुसतं ‘भोवत्या’ एवढंच लिहून ठेवलंय.

इंग्रजी नावाची गंमत वेगळी आहे. पक्ष्याचं ‘हॅरिअर’ हे लुटणं, हैराण करणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलं. याच नावाची शिकारी कुत्र्याची जात आहे, तिचं नाव मात्र सशाच्या इंग्रजी नावावरून आल्याचं मानतात. म्हणजे शब्द एक आणि मुळं दोन. ब्रिटिशांनी उभ्या उभ्या उडणाऱ्या लढाऊ विमानाला पक्ष्याचं नाव दिलं. आपल्या नौदलाची सी हॅरिअर विमानं मे २०१६ मध्ये गोव्यात दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर निवृत्त झाली. ती माझ्या एका दिवसाच्या नियमात बसत नाहीत. आपला ‘भोवत्या’ मला या सगळ्यांपेक्षा अचूक वाटतो. जमिनीपासून माणूसभर उंचीवर, पंख उथळ ‘व्ही’सारखे उचलून, हा पक्षी गवताभोवती असा फिरत राहतो की त्याला दुसरं नाव सुचत नाही. शब्दाची व्युत्पत्ती भाषातज्ज्ञांनी ठरवावी, मी डोळ्यांना दिसलं ते सांगतोय.

फोटोच्या दृष्टीनं हे दोघे एकमेकांच्या उलट आहेत. धावती गाडी टिपायची तर शटर मुद्दाम संथ ठेवतात, सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास, आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवतात. गाडी ठसठशीत येते, मागचा रस्ता पुसला जातो, वेग दिसतो. शटर जलद ठेवलं तर ऐंशीच्या वेगानं जाणारी गाडीही पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. पक्ष्याला मात्र सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो. गाडीच्या पत्र्यात आकाश, विजेचे खांब आणि फोटो काढणारा असे सगळे उमटतात, म्हणून गाडी सूर्य बुडाल्यावर काढावी. पक्ष्याला सकाळचं तिरपं ऊन लागतं. एक गोष्ट मात्र दोघांना जोडते. पायी चालणारा माणूस दोनशे फुटांवर दिसला तरी भोवत्या वळतो, पण मातीच्या रस्त्यावर इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीच्या अगदी जवळून निघून जातो. माझे चांगले फोटो भाच्याच्या गाडीच्या खिडकीतूनच आलेत. मोटरसायकलच्या नियमाला तेवढी सूट मी स्वतःला दिली.

दुसरी जोडी रसवंतीवर मिळाली. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. १९४६ मध्ये पियाजिओची पहिली स्कूटर आली तेव्हा तिचा आवाज आणि मधली बारीक कंबर बघून हे नाव पडलं असं सांगतात. दोन वर्षांनी त्याच कंपनीनं मालवाहू तीनचाकी काढली, तिचं नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. साठच्या दशकात बजाजनं परवाना घेऊन व्हेस्पा बनवली. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये स्वतःची चेतक आणली आणि माशीच्या जागी राणा प्रतापांचा घोडा आला. आज व्हेस्पा आणि आपे बारामतीहून येतात. आपेच्या मागच्या अक्षरांचं आपल्याकडे काय काय झालंय! इंग्रजी शिकलेला माणूस ती ‘एप’ वाचतो आणि मधमाशीचं माकड होतं. वर्तमानपत्रं ‘ॲपे’ छापतात. आणि चाकणच्या नाक्यावर मी एकाला सरळ ‘आप्पे रिक्षा’ म्हणताना ऐकलंय, नारळाच्या चटणीबरोबर मिळाल्यासारखी.

व्हेस्पाच्या बाबतीत नावाचं नुसतं साम्य नाही. शास्त्रात गांधीलमाशीच्या कुळातल्या मोठ्या माश्यांच्या प्रजातीचं नावच ‘व्हेस्पा’ आहे, लिनिअसनं १७५८ मध्ये दिलेलं. आपल्याकडची पोटावर पिवळा पट्टा असलेली विटकरी माशी म्हणजे ‘व्हेस्पा ओरिएंटॅलिस’. बहुतेक माश्या सकाळी लवकर कामाला लागतात, ही मात्र भर दुपारच्या उन्हात सगळ्यात जास्त माती उकरते. तिच्या पोटावरचा तो पिवळा पट्टा सूर्यप्रकाश शोषून त्यापासून थोडी वीज तयार करत असावा, असं इस्रायलच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं. म्हणून मीही दुपारीच गेलो. चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या एका रसवंतीच्या मागे चिपाडांचा ढीग होता, त्यावर गांधीलमाश्या आणि फुलोरी मधमाश्या दोन्ही होत्या. समोर बर्फ उतरवायला आपे उभी राहिली. एका चौकटीत माशी आणि तिच्या नावाची गाडी असा योग माझ्या आयुष्यात तेवढा एकदाच आला. घाईत मी चिपाडावर हात टेकला आणि डंख खाल्ला. रसवाल्या मावशींनी बोट बर्फात धरून ठेवायला लावलं आणि रसाचे पैसे घेतले नाहीत.

विंचवासाठी रात्र लागते. स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली ती नाशिकची, पण २०२२ ची स्कॉर्पिओ-एन चाकणला बनते, म्हणून ती आमच्या पट्ट्यात मोजली. विंचवाच्या कवचातल्या द्रव्यांमुळे तो अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही, तेव्हा टॉर्चवर विसंबून हात खाली टेकू नये. भामचंद्र डोंगराच्या बाजूला भाचा अतिनील टॉर्च धरायचा आणि मी तिपाईवर कॅमेरा लावून चार-पाच सेकंदांचं शटर द्यायचो. “मामा, बूट घातलेत ना?” हे तो दर वेळी विचारायचा. त्याचं बरोबर होतं. आपल्याकडचा तांबडा विंचू छोटा असला तरी जिवावर उठणारा आहे. त्याच्या विषानं रक्तदाब भडकतो, फुप्फुसांत पाणी भरतं. कोकणात यानं किती लेकरं नेली ते जुन्या माणसांना विचारा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं, १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं, आणि विंचूदंशाचा रोगी वाचवता येतो हे जगाला कळलं. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली आणि स्कॉर्पिओ-एन बाजारात आली ती एकाच वर्षी. या दोन बातम्या कुणी शेजारी शेजारी छापलेल्या मला दिसल्या नाहीत.

काही नावं फसवी निघाली. बजाज टेम्पोच्या जुन्या तीनचाकीला ‘हॅन्सिआट’ म्हणत. मला वाटायचं हा हंसच. पण शब्द जर्मन. हॅम्बुर्गसारख्या जुन्या व्यापारी संघातल्या शहरांच्या नागरिकाला तसं म्हणतात, आणि मूळ टेम्पो कंपनी हॅम्बुर्गचीच. सुमो पैलवान नाही, मुळगावकर आहेत : सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं. पल्सर हा प्राणी नव्हे, स्पंदन पावणारा तारा. पण चाकणहून त्याच नाशिक रस्त्यानं नारायणगावच्या पुढे खोडदला गेलं की पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची दुर्बीण खरे पल्सार ऐकत बसलेली आहे. ताऱ्याचा फोटो मला जमण्यातला नाही, तरी अँटेनेसमोर पल्सर उभी करून एक काढलाच.

जग्वारचं काय करावं हा प्रश्नच होता. गाड्यांची जुळणी पुण्यात होत असे, जनावर दक्षिण अमेरिकेत. त्याचा इथला भाऊबंद बिबट्या. त्यानं आम्हाला वेगळंच दाखवलं, मार्च २०२२ मध्ये तो चाकणच्या मर्सिडीजच्या कारखान्यात शिरला. काही तासांनी वनखात्यानं आणि माणिकडोहच्या केंद्रातल्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढलं. मर्सिडीज हे एका मुलीचं नाव. जग्वारची गाठ मग दुसरीकडे सुटली : ती कंपनी १९२२ मध्ये सुरू झाली तेव्हा साइडकार बनवत होती आणि तिच्या नावात ‘स्वॅलो’ होतं, म्हणजे भिंगरी. इंद्रायणीच्या पुलाखाली तारवाली भिंगरी घरटं करते. फोटोखाली मी ‘जग्वार (पूर्वीची)’ असं लिहिलं.

राहिला भोवत्या. भोवत्ये झाडावर झोपत नाहीत. संध्याकाळी चहूकडून येऊन ते माळावरच्या गवतात जमिनीवर बसतात. असा एक रातथारा मला खेड आणि शिरूर तालुक्यांच्या शिवेजवळ माहीत होता. गावाचं नाव देत नाही, रातथाऱ्याचा पत्ता छापायचा नसतो. पहिल्या हिवाळ्यात मी तिथं एका संध्याकाळी एकवीस भोवत्ये मोजले, दुसऱ्यात सतरा. तिथं मेंढरं घेऊन येणारे एक धनगरबाबा होते. ते म्हणायचे, “ह्यो पाखरू नाकतोडं खातंय, त्याला हाकलायचं न्हाई.” सरकारी दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात. शंभर प्रकारचं गवत, मेंढरांचा चारा, टिटवीची अंडी, कझाकस्तानातून आलेले पाहुणे, एवढं सगळं असूनही ती पडीक, कारण तिथं झाड नाही आणि पीक नाही. त्यामुळे कारखान्याला, गोदामाला किंवा वृक्षारोपणाला पहिल्यांदा तीच निघते. झाडं लावली तरी भोवत्याचं घर जातंच, हे पर्यावरणदिनाला खड्डे खणणाऱ्यांना समजावणं सगळ्यात अवघड. मी या पट्ट्याच्याच भाकरीवर मोठा झालो, कारखाने नकोत असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण कोणती जमीन कशाला द्यायची हे ठरवताना तिच्यावर काय बसतं ते संध्याकाळी एकदा जाऊन पाहायला काय हरकत आहे?

तिसऱ्या हिवाळ्यात गेलो तेव्हा अर्ध्या माळावर मुरूम टाकून रोलर फिरवला होता आणि पत्र्याचं कुंपण आलं होतं. आत काय होणार हे पहारेकऱ्यालाही ठाऊक नव्हतं. उरलेल्या अर्ध्यात नऊ भोवत्ये उतरले. बाबांनी मेंढरं दुसरीकडे वळवली होती. गाडी आणि पक्षी एका चौकटीत, हा फोटो त्या संध्याकाळी सहज मिळाला असता : भाच्यानं मित्राची हॅरिअर आणली होती, कुंपणापाशी ती उभी होती, आणि तिच्या टपावरून एक राखाडी नर गेला. मी तेव्हा मोजत होतो, कॅमेरा मांडीवर होता.

यंदा ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा जाऊन आलो. दोन माद्या दिसल्या, कुठल्या जातीच्या ते ओळखता आलं नाही. नर नंतर येतील. डिसेंबरात मोजणीला भाचा सुट्टी टाकून येणार आहे, टॉर्च आणि बूट त्याच्याकडेच आहेत.