नोकरी शोधताना आणि सोडताना स्वभावाचा वाटा

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. लोखंडी सळया तयार करणारे कारखाने आणि बियाणे उद्योग यांनी जालन्याला उद्योगनगरी म्हणून ओळख मिळवून दिली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथेच 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली. मात्र शेती वगळता जिल्ह्यातील रोजगाराची मोठी भिस्त या मोजक्या उद्योगांवर आहे. त्यामुळे एक नोकरी सोडल्यानंतर त्याच गावात दुसरी मिळेलच, याची खात्री नसते. नोकरीचा निर्णय शिक्षण, पगार, घरची शेती आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या यांवर ठरतो, हे उघडच आहे. परंतु त्यात माणसाच्या स्वभावाचाही वाटा असतो, असे मानसशास्त्रातील संशोधन सांगते.

स्वभावाचे पाच पैलू

मानसशास्त्रज्ञ स्वभावाचा विचार प्रामुख्याने पाच पैलूंनी करतात. बहिर्मुखता, कामातील नेटकेपणा, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती, भावनिक स्थैर्य आणि नावीन्याची ओढ हे ते पैलू होत. प्रत्येक माणसात हे पाचही गुण कमी-अधिक प्रमाणात असतात. त्यामुळे एखाद्यावर 'अंतर्मुख' किंवा 'धरसोड वृत्तीचा' असा कायमचा शिक्का मारणे शास्त्राला धरून नाही.

शोध कोण नेटाने घेतो?

रुथ कॅन्फर, कॉनी वॉनबर्ग आणि ट्रेसी कँट्रोविट्झ या अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये नोकरीच्या शोधाविषयीच्या अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध केली. बहिर्मुख आणि नेटक्या स्वभावाच्या व्यक्ती नोकरीचा शोध अधिक जोमाने घेतात, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ त्या अधिक लायक असतात, असा मात्र नाही. बहिर्मुख माणूस चार जणांकडे सहज चौकशी करतो, तर नेटका माणूस अर्ज वेळेवर भरतो आणि नकार आला तरी पुढचा अर्ज करतो. फरक पडतो तो येथे.

ओळखीचे महत्त्वही वाटते त्यापेक्षा वेगळे आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका उपनगरातील नोकरदारांचा अभ्यास करून १९७३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १७ टक्के जणांची त्या परिचिताशी वारंवार गाठ पडत असे. उरलेल्यांना नोकरीची वार्ता अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. जवळच्या नातलगांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात, हे त्यामागील कारण. जालन्यातील तरुणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीत काम करणारा जुना वर्गमित्र म्हणूनच अधिक उपयोगी ठरू शकतो.

संकोची स्वभावाच्या उमेदवाराची अडचण नेमकी येथेच होते. पात्रता असूनही तो विचारत नाही आणि जागा भरल्यावर दोष नशिबाला देतो. अशा उमेदवाराने आठवड्याला ठरावीक तीन जणांना फोन करणे, रोजगार मेळाव्याला जाताना काय बोलायचे ते लिहून नेणे, असा क्रम ठेवल्यास स्वभाव न बदलताही काम भागते.

राजीनाम्यामागची कारणे

नोकरी सोडण्यासंबंधी रायन झिमरमन यांनी २००८ मध्ये केलेली छाननी अधिक उद्बोधक आहे. भावनिक स्थैर्य कमी असलेल्यांच्या मनात नोकरी सोडण्याचे विचार अधिक येतात. प्रत्यक्षात नोकरी सोडण्याचा संबंध मात्र नेटकेपणा आणि जुळवून घेण्याची वृत्ती कमी असण्याशी अधिक आढळला. नावीन्याची ओढ असलेले किंवा जुळवून न घेणारे लोक पूर्वतयारीविना राजीनामा देण्याची शक्यताही अधिक असते.

तडकाफडकी राजीनाम्याची किंमत किती, हे ग्रॅच्युइटीच्या हिशेबावरून कळते. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते. दरवर्षासाठी १५ दिवसांचे वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून, दिले जाते. हिशेबात धरले जाणारे मासिक वेतन २०,८०० रुपये असल्यास पाच वर्षांचे ६० हजार रुपये होतात. चार वर्षे तीन महिन्यांनी रागाच्या भरात बाहेर पडणाऱ्यास त्यातले काहीच मिळत नाही. मुदतीच्या करारावरील कामगारांसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही अट एक वर्षावर आणली आहे.

याउलट, पगार महिनोन् महिने थकूनही मालकाला 'नाही' म्हणता येत नाही म्हणून टिकून राहणारेही असतात. भिडस्तपणामुळे होणारे हे नुकसान कोणाच्या नजरेत येत नाही. उलट त्यालाच निष्ठा म्हटले जाते.

स्वभाव म्हणजे सबब नव्हे

स्वभावाचा प्रभाव असतो, पण तो मर्यादित असतो. दुष्काळी वर्षात ऊसतोडीला जावे लागणाऱ्या कुटुंबाच्या किंवा मुलांसाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रीच्या निर्णयाचे खापर स्वभावावर फोडणे अन्यायाचे ठरेल. धोकादायक यंत्र, थकलेले वेतन किंवा अपमानास्पद वागणूक ही कारणे कामाच्या ठिकाणची असतात. ती कामगाराच्या स्वभावात शोधू नयेत.

राजीनामा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारणे हिताचे ठरते. ही तक्रार महिनाभरापूर्वीही होती का? मागील नोकरीतही हीच होती का? दुसरी नोकरी हाती येईपर्यंत घरखर्च कसा चालेल? तक्रार जुनी आणि याच ठिकाणची असेल, तर दुसरा शोध लगेच सुरू करावा. ती प्रत्येक नोकरीत येत असेल, तर नवा मालक शोधण्याआधी स्वतःच्या अपेक्षा तपासून पाहाव्यात.