पौराणिक खेळांतील देवता

पौराणिक खेळांतील देवता : पुराणकथांतील देव, दानव व अवतार यांना पात्ररूप देऊन केलेल्या सोंगांतील, नाट्यप्रयोगांतील आणि पानांच्या वा भूमिकांच्या खेळांतील दैवते. मराठीत ‘खेळ’ ही संज्ञा क्रीडा व नाट्यप्रयोग या दोन्ही अर्थांनी रूढ आहे. दशावताराचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, गंजिफांचा खेळ या सर्वांत खेळणारा काही काळ एखाद्या पात्राची भूमिका घेतो किंवा त्याची सूत्रे हाती धरतो. त्या पात्राचे सामर्थ्य, स्वभाव व मर्यादा आधीच ठरलेल्या असतात. देवतेच्या बाबतीत हे सर्व पुराणकथेतून येते. मात्र ही पुराणकथा नेमकी कोणती, याचा शोध घेतल्यास सर्वांत प्राचीन ग्रंथापेक्षा त्या समाजात प्रत्यक्ष ऐकली व सांगितली जाणारी कथाच बहुधा आधारभूत ठरलेली आढळते.

सांगलीचे पौराणिक नाटक : कृष्णाकाठचा प्रदेश रामकथेच्या श्रवणात पूर्वीपासून रुळलेला होता. समर्थ रामदासांनी चाफळ येथे राममंदिर उभारले, तर नाईक निंबाळकरांच्या फलटण संस्थानातील राममंदिर व तेथील रथोत्सव प्रसिद्ध आहेत. याच परिसरातील सांगली संस्थानात १८४२ मध्ये उत्तर कन्नड भागातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या आश्रयास असलेल्या विष्णुदास भावे यांना तशाच, परंतु अधिक नेटक्या मराठी खेळाची रचना करण्यास सांगितले. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सीतास्वयंवर या नाटकाचा प्रयोग झाला. मराठी रंगभूमीचा आरंभ या प्रयोगापासून मानतात व ५ नोव्हेंबर हा दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

भाव्यांच्या खेळात लिखित संवाद नव्हते. सूत्रधार पद्ये गाऊन कथा पुढे नेई आणि तिला अनुसरून नट आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. नटांचे राजपार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी असे वर्ग असत. राक्षसपार्टीच्या नटाने तलवार परजत, आरोळ्या ठोकत प्रवेश करावा व राजपार्टीच्या नटाने गंभीर चालीने वावरावे, असे संकेत होते. अशा आरोळ्यांवरूनच या नाटकांना पुढे ‘अलल् डुर्र’ नाटके असे थट्टेचे नाव पडले. लिखित संवादाच्या अभावी नटाला मोकळीक मोठी होती. परंतु रामाने काय बोलावे हे नट ठरवीत असला, तरी राम कसा वागतो हे प्रेक्षकांना कीर्तन-पुराणांतून आधीच ठाऊक असे. त्यामुळे देवतेच्या भूमिकेवर प्रेक्षकांच्या श्रद्धेचेच नियंत्रण राहिले.

मंगलाचरणातील देवता : खेळाच्या आरंभी सूत्रधाराच्या स्तवनानंतर गणपती प्रकट होई व विघ्ननिवारणाचे आश्वासन देई. नंतर मोरावर बसलेली सरस्वती नृत्य करीत येई व वर देऊन जाई. या दोन्ही देवतांचा पूर्वेतिहास त्यांच्या रंगमंचावरील रूपाहून बराच भिन्न आहे. ऋग्वेदातील ‘गणपती’ हे संबोधन ब्रह्मणस्पती या देवतेस उद्देशून आहे. त्यात गजमुखाचा निर्देश नाही. मानवगृह्यसूत्रात चार विनायकांचा उल्लेख येतो. ते माणसांना पछाडणारे व कार्यात विघ्ने आणणारे असून त्यांच्या शांतीचे विधी तेथे सांगितले आहेत. विघ्ने आणणाऱ्या शक्तीची आराधना करून तिच्याकडूनच विघ्ननाशाची अपेक्षा करणे, या क्रमाने विघ्नकर्ता हा विघ्नहर्ता झाला. पौराणिक काळात तो शिव-पार्वतीचा गजमुख पुत्र म्हणून स्थिरावला. सांगलीच्या पटवर्धन घराण्याचे तर तो आराध्यदैवतच होता.

सरस्वती ही ऋग्वेदात प्रामुख्याने नदी व नदीदेवता आहे. ब्राह्मणग्रंथांत तिचे वाणीशी ऐक्य मानले गेले आणि पुराणांत ती ब्रह्मदेवाशी संबद्ध विद्यादेवता बनली. उत्तर भारतात तिचे वाहन सामान्यतः हंस असते. महाराष्ट्रात मयूरवाहना सरस्वती विशेष परिचित आहे व नाटकात आली ती हीच. कमरेला मोराची आकृती बांधून नाचणारा नट हे दृश्य त्या काळच्या प्रेक्षकांच्या आवडीचे होते.

राम व रावण : वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात शिवधनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून ओढत आणले जाते आणि जनक व विश्वामित्र यांच्यासमक्ष राम ते भंग करतो. अन्य राजांचे प्रयत्न पूर्वीच फसलेले असतात आणि रावण या प्रसंगी उपस्थित नसतो. याउलट श्रीधर कवीच्या रामविजय (१७०३) या मराठी ग्रंथात रावण भर सभेत धनुष्य उचलावयास जातो व त्याखाली चिरडला जाऊन फजीत होतो. गावोगावी पोथीवाचनातून घराघरांत पोहोचलेली कथा हीच होय. नाट्याच्या दृष्टीनेही ती अधिक सोयीची आहे. तिच्यामुळे नायक-प्रतिनायक एकाच प्रवेशात समोरासमोर येतात, राक्षसपार्टीला वाव मिळतो आणि पुढील वैराचे बीज प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पडते. मराठी मनातील सीतास्वयंवराचा प्रसंग रावणावाचून पुरा होत नाही, त्याचे मूळ अशा मध्ययुगीन मराठी कथनांत आहे.

दशावतारी नाटक : कोकण व गोमंतक येथील दशावतारी खेळात मुख्य आख्यानापूर्वी ‘आडदशावतार’ हा पूर्वरंग होतो. त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव यांच्याबरोबर काळ्या वेशातील संकासुर येतो. तो वेद चोरणारा शंखासुर असून विष्णू त्याचा वध करतो. भागवतपुराणातील मत्स्यावताराच्या कथेत वेद चोरणारा दानव हयग्रीव हा आहे, तर शंखासुराची कथा पद्मपुराणात येते. कोकणच्या खेळाने ही दुसरी कथा स्वीकारली. पुराणातील भयंकर दानव येथे मालवणी बोलीत बोलणारा, ब्रह्मदेवाची टर उडविणारा विनोदी पुरुष झाला. देवांच्या रूपात फेरफार करण्यास खेळकरी कचरत असला, तरी दानवाच्या बाबतीत त्याला अशी मोकळीक घेता आली.

गंजिफा : पानांच्या खेळात देवता चिन्हरूपाने अवतरते. गंजिफांचा खेळ मोगलांबरोबर भारतात रुजला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ मध्ये गंजिफा भेट पाठविल्याची नोंद आहे. मोगल गंजिफेत ८ रंगांची ९६ पाने असत. भारतीय रूपांतरात विष्णूचे दहा अवतार हे दहा रंग झाले आणि प्रत्येकी राजा, प्रधान व १० अंकपाने मिळून १२० पाने झाली. सावंतवाडी हे या दशावतारी गंजिफांच्या निर्मितीचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र होय. लयास चाललेली ही कला शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजवाड्यात पुनरुज्जीवित केली.

रंगांच्या खुणा सामान्यतः अवतारकथेतूनच घेतलेल्या आहेत. उदा., वामनासाठी कमंडलू, परशुरामासाठी परशू, रामासाठी बाण, कल्कीसाठी खड्ग. दिवसा खेळ असल्यास रामाचा राजा व रात्री असल्यास कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने डावाचा आरंभ करावा, असा नियम आहे. माध्यान्ही जन्मलेला सूर्यवंशी राम आणि मध्यरात्री जन्मलेला चंद्रवंशी कृष्ण या कथांशी तो सुसंगत आहे.

या दशकाची जडणघडणही एकसंध नाही. शतपथब्राह्मणात मनूला प्रलयातून तारणारा मत्स्य हा विष्णूचा अवतार म्हटलेला नाही. महाभारतात तो ब्रह्मदेवाचे रूप म्हणून येतो. कूर्म व वराह यांचा संबंध ब्राह्मणग्रंथांत प्रजापतीशी आहे. वामनकथेचे बीज मात्र ऋग्वेदातील विष्णूच्या तीन पावलांत आढळते. भिन्न देवतांच्या कथा पुढे विष्णूभोवती एकवटल्या. नवव्या स्थानी सामान्यतः बुद्ध असतो, परंतु महाराष्ट्रातील काही दशावतार-चित्रणांत तेथे विठ्ठल दिसतो. जवळची देवता दूरच्या देवतेची जागा घेते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आधुनिक भूमिकाखेळ : अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू योद्धा, मांत्रिक, पुरोहित यांसारखी भूमिका घेतो, सूत्रचालक कथा सांगतो व खेळाडू आयत्या वेळी बोलून ती पुढे नेतात. शौर्य वा जखमा यांचे माप अंकांत असते व निर्णय फाशांवर होतात. सूत्रधार, आयते भाषण व ठरीव वर्ग या बाबतींत सांगलीच्या खेळाशी त्याचे साम्य दिसते. ते परस्परसंबंधातून आलेले नसून कथा मिळून खेळण्याच्या गरजेतून आलेले आहे.

या खेळातील काल्पनिक जगांच्या देवता अनेकदा प्रत्यक्ष पुराणकथांतून उचललेल्या असतात. बॅबिलोनियाच्या सृष्टिकाव्यातील तिआमत ही खाऱ्या समुद्राची आदिमाता असून मार्दुक तिचा वध करून तिच्या देहापासून विश्व घडवितो. या खेळात ती पाच मुखांची नागराणीसदृश ड्रॅगन झाली. एड ग्रीनवुड यांच्या फर्गॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातील (१९८७) टीर हा न्यायदेव मूळ नॉर्स देव होय. फेनरिर लांडग्याने त्याचा हात तोडल्याची कथा तेथेही त्याच्या एकहाती रूपात टिकून आहे. त्याच जगातील अरण्यदेवता मिएलिक्की ही फिनलंडच्या लोककाव्यांतून आली.

१९८० मध्ये या खेळासाठी निघालेल्या डीटीज अँड डेमीगॉड्स या ग्रंथात ग्रीक, नॉर्स, ईजिप्शियन देवतांबरोबर इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू यांनाही युद्धातील बळाचे अंक देण्यात आले. येथे एक मूलभूत भेद दुर्लक्षिला गेला. तिआमत वा मार्दुक यांची परंपरागत उपासना प्राचीन काळीच लुप्त झाली, तर विष्णूची उपासना अखंड चालू आहे. लुप्त धर्मातील देवतेस नवे रूप दिले असता ते केवळ साहित्यिक रूपांतर ठरते. जिवंत उपासनेतील देवतेच्या बाबतीत मात्र उपासकाची संमती हाही प्रश्न उद्‌भवतो.

तथापि जिवंत श्रद्धा आणि खेळ यांत विरोध असतोच, असे महाराष्ट्रातील परंपरेवरून दिसत नाही. दशावतारी खेळात गणपतीचे सोंग येताच आरती होते, त्याच रंगमंचावर थोड्या वेळाने ब्रह्मदेवाची थट्टा चालते आणि प्रेक्षक दोन्हींत सारख्याच समरसतेने सहभागी होतात. खेळकरी व प्रेक्षक एकाच कथेत वाढलेले असल्याने मर्यादा कोठे आहे हे दोघांनाही न सांगता कळते. देवता आपल्या कथेपासून व उपासकांपासून तुटून दूरच्या खेळात जाते, तेव्हा ही मर्यादा सांगणारा कोणी उरत नाही. तेथे तिचे मूळ जाणून घेणे हाच तिच्या स्वरूपाचे भान राखण्याचा मार्ग होय.