लौकिकाला हवी पुराव्याची जोड
अलिबागच्या पांढऱ्या कांद्याने दिलेला जनसंपर्काचा धडा

अलिबाग : जनसंपर्क म्हटले की वृत्तपत्रांना धाडलेले पत्रक, पत्रकार परिषद आणि फार तर एखादी आकर्षक जाहिरात, एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात हा सारा या कामाचा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी वस्तुस्थितीचा अभ्यास, त्यावर बेतलेले धोरण आणि ते तडीस नेणाऱ्या माणसांची एकजूट या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या जुळल्या की काय घडते, याचे बोलके उदाहरण रायगडच्या किनारपट्टीवर सापडते. ते कोणत्याही बड्या कंपनीचे नाही, तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे आहे.

भाताचे पीक निघाल्यावर त्याच जमिनीत अलिबाग तालुक्यातील शेतकरी हा कांदा घेतात. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, सागाव, तळवली ही गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. गोडसर चव, कमी तिखटपणा आणि औषधी गुणांबद्दलची ख्याती यांमुळे मुंबई-पुण्याचे पर्यटक परतताना या कांद्याच्या माळा आवर्जून नेतात. मात्र ख्याती वाढली तसा तिचा गैरफायदाही घेतला जाऊ लागला. इतर जिल्ह्यांतून आलेला पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून रस्त्याच्या कडेला विकला जाऊ लागला. यात ग्राहकाची फसवणूक होते आणि खऱ्या उत्पादकाचा भावही पडतो. 'आमचाच कांदा अस्सल' असे कितीही ओरडून सांगितले, तरी शेजारचा विक्रेताही तेच सांगत असतो. अशा वेळी जाहिरात निरुपयोगी ठरते. गरज असते ती पुराव्याची.

संशोधन : दोन दिशांनी

हा पुरावा दोन दिशांनी उभा राहिला. पहिली दिशा इतिहासाची. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या १८८३ सालच्या सरकारी गॅझेटमध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची नोंद आढळते. हे पीक या मातीत किमान सव्वाशेहून अधिक वर्षे रुजलेले आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरी दिशा प्रयोगशाळेची. कांद्याचा तिखटपणा आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू हे दोन्ही त्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे निर्माण होतात. अलिबाग तालुक्यातील जमिनीत गंधकाचे प्रमाण कमी आहे. तिखटपणा मोजताना पायरुव्हिक आम्लाचे प्रमाण पाहिले जाते आणि या कांद्यात ते कमी असल्याचे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालात नोंदले गेले. प्रथिने, स्निग्ध पदार्थ व तंतुमय घटक अधिक असल्याचेही त्यात म्हटले आहे. 'चिरताना डोळे झोंबत नाहीत' हा आजवरचा घरगुती अनुभव अशा रीतीने मोजता येणारे तथ्य बनला.

धोरण : नेमके काय मागायचे?

हाती पुरावा आल्यावर पुढचा प्रश्न असतो तो वापराचा. येथे निवडलेला मार्ग भौगोलिक मानांकनाचा होता. वस्तूचे गुण आणि ती जेथे पिकते ते ठिकाण यांचे अतूट नाते मान्य करणारा कायदा भारतात १९९९ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये अमलात आला. मानांकन मिळालेले नाव बाहेरच्या मालाला लावणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास व दंडाची तरतूद आहे. म्हणजेच मानांकनामुळे नुसती प्रसिद्धी मिळत नाही, तर नावाचे कायदेशीर रक्षणही होते. धोरण याचा अर्थ हाच. प्रश्न 'लोकांना ठाऊक नाही' हा नव्हता, 'लोकांना खरे-खोटे ओळखता येत नाही' हा होता. आणि उपाय त्यालाच धरून शोधला गेला.

सांघिक प्रयत्न

राज्याचा कृषी विभाग आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांनी १५ जानेवारी २०१९ रोजी संयुक्तपणे प्रस्ताव सादर केला. मुंबईत २९ सप्टेंबर २०२१ रोजी त्याची छाननी होऊन मानांकन देण्याचा निर्णय झाला. यात कोणा एकट्याचे श्रेय नाही. जुनी नोंद आणि शास्त्रीय कसोटी, सरकारी यंत्रणेचा पाठपुरावा, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरचे बियाणे राखणारा शेतकरी या साऱ्यांची साखळी येथे जुळली. त्यातील एक कडी निखळली असती, तर प्रस्ताव कागदावरच राहिला असता.

जनसंपर्काचे शास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. अमेरिकी अभ्यासक जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्ये या कामाची चार पावले मांडली : संशोधन, कृती, संवाद आणि मूल्यमापन. यात संवादाचा क्रमांक तिसरा आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आधी खरे काय ते शोधायचे, मग त्यानुसार काही करायचे आणि त्यानंतरच बोलायचे. हा क्रम उलटला की उरते ती केवळ जाहिरातबाजी.

खरी परीक्षा पुढेच

तथापि मानांकन मिळाले म्हणजे काम संपले, असे समजण्याचे कारण नाही. मार्स्टन यांचे चौथे पाऊल येथे महत्त्वाचे ठरते. मानांकनाची नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि मुदत संपताच तिचे नूतनीकरण करावे लागते. शिवाय कायद्याचा पुरता लाभ घ्यायचा, तर उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. तरीही कर्नाटकातील आंबा हापूस म्हणून विकला जात असल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. नियम असणे आणि तो बाजारात दिसणे यांत अंतर असते, हे त्यावरून स्पष्ट होते.

ते अंतर शेतकरी, व्यापारी आणि ग्राहक यांनाच मिळून कापावे लागेल. नोंदणी केलेल्या उत्पादकाने माळेवर आपली ओळख लावणे, विक्रेत्याने बाहेरचा माल वेगळा ठेवणे आणि ग्राहकाने 'कोणत्या गावचा?' असे विचारूनच घेणे, या वरकरणी लहान गोष्टी आहेत. मात्र एकाने जरी भेसळ केली, तरी बदनामी साऱ्या तालुक्याच्या वाट्याला येते. नाव सर्वांचे असते, म्हणून ते राखण्याची जबाबदारीही सर्वांचीच ठरते.