विश्लेषण : परिचारिका मुकाट्याने नोकरी का सोडतात? कायदा कुठे कमी पडतो?

हिंजवडी आयटी पार्कला लागून असलेले मुळशी तालुक्यातील गाव म्हणजे माण. येथील मोठ्या आयटी कंपनीत कुणाला त्रास झाला, तर निदान 'एचआर'चे दार ठोठावता येते. छोट्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेपुढे मात्र अनेकदा एकच मार्ग उरतो, तो राजीनाम्याचा. घरी 'पगार परवडत नव्हता' असे सांगितले जाते. खरे कारण वेगळेच असू शकते.

त्रास म्हणजे नेमके काय?

रुग्णासमोर डॉक्टरांनी ओरडणे, कुणाचीही चूक 'सिस्टर'वर ढकलणे, मर्जीनुसार सलग रात्रपाळ्या लावणे, रजा मागितली की टोमणे मारणे, नव्या मुलीला ज्येष्ठांनी वाळीत टाकणे. एकेक प्रसंग किरकोळ वाटतो. पण औषधाच्या डोसबद्दल शंका असूनही विचारायची भीती वाटू लागली, की धोका थेट रुग्णाला असतो.

कायदे कोणते आहेत?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच सफाई कामगाराने हल्ला केला. सुरक्षित कामासाठी तेव्हा परिचारिका संपावर गेल्या. अरुणा यांचे निधन १८ मे २०१५ रोजी झाले. दरम्यान दोन कायदे आले. राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर, परिचारिकांवरील हिंसाचार अजामीनपात्र असून, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्राच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली.

मग फट कुठे आहे?

पहिला कायदा हिंसाचारासाठी, दुसरा लैंगिक छळासाठी. वरिष्ठांकडून होणारा रोजचा अपमान या दोन्हींत सहसा बसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या करारात (क्रमांक १९०) अशा मानसिक छळाचाही समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांना किमान २० हजार रुपये वेतन आणि सरकारी परिचारिकांसारख्या सेवाशर्ती सुचवल्या. मात्र शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

'बाँड' असेल तर?

मुंबईत २०११ मध्ये खासगी रुग्णालयातील केरळच्या एका परिचारिकेने आत्महत्या केली. त्यानंतर सहकारी संपावर गेल्या आणि बाँडचा प्रश्न ऐरणीवर आला. बाँडवर सही केली म्हणून लिहिलेली सगळी रक्कम आपोआप देणे लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत, ठेवायला देऊ नयेत.

सोडण्यापूर्वी काय करावे?

* प्रसंग, तारीख, वेळ, उपस्थित व्यक्ती त्याच दिवशी लिहून ठेवा. ड्युटी रोस्टरचा फोटो जपून ठेवा.
* तक्रार आधी मेट्रन, मग व्यवस्थापनाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.
* लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत करा. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.
* राजीनामा ई-मेलने द्या, अनुभव प्रमाणपत्र लेखी मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार थकीत वेतन नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागा.

रुग्णांचा संबंध काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. म्हणजे अनुभवी सिस्टरला दुसरी नोकरी मिळू शकते. मागे राहिलेल्या वॉर्डात मात्र तिचे काम उरलेल्या दोघींवर पडते. त्या थकतात, चिडतात आणि पुढच्या नवख्या मुलीवर ओरडू लागतात. हे चक्र थांबवायचे, तर राजीनाम्याचे खरे कारण रुग्णालयांनी विचारायला हवे.