फुगा कोणत्या झडपेला?

"मॅडम, शेजारच्या खालांची झडप फुग्याने उघडली. मग अम्मीची का नाही?" अणदूरच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले. तिच्या अम्मीच्या हृदयात धातूची झडप आहे आणि अलीकडे थोडे चालले तरी धाप लागते.

खालांची झडप मूळचीच होती. लहानपणच्या रुमॅटिक तापाने अशा झडपेच्या पाकळ्या चिकटतात. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुगा फुगवतात, तेव्हा त्या सुटतात. धातूच्या झडपेत अडथळा बहुधा रक्ताच्या गुठळीचा किंवा आत वाढलेल्या पेशींचा असतो. तो फुग्याने सुटत नाही. प्राण्याच्या ऊतींची झडप कडक झाली तरी नुसता फुगा भरवशाचा नसतो. काही रुग्णांना नळीतूनच तिच्या आत नवी झडप बसवता येते.

म्हणून धाप वाढली तर थांबू नका. सोलापूर गाठा, इको करून घ्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी रमजानमध्येही चुकवू नका, तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.